जन्मसाल एक, पिढी दुसरीच

प्रत्येक गोतावळ्यात असा एक तरी नमुना सापडतो. वय बावीस-तेवीस, पण गाणी ऐकणार ती आजोबांच्या रेडिओवरची. नवी गाणी लागली की कपाळाला आठ्या. मित्रांनी नाव पाडलेलं असतं ‘आजोबा’, आणि स्वारीला त्याचा रागही येत नाही. दुसऱ्या टोकाला सत्तरीची एखादी मावशी असते. समवयस्क बायकांच्या भिशीत तिचा जीव रमत नाही. तिथे गुडघे आणि सुना सोडून विषय निघत नाही म्हणते. नातीच्या मैत्रिणी आल्या की मात्र तिला कंठ फुटतो, आणि त्या मुलींनाही ती परकी वाटत नाही. घरचे लोक पहिल्याला ‘अकाली म्हातारा’ म्हणतात, दुसरीला ‘वयाचं भान नाही’ म्हणतात. दोन्हीकडे खापर स्वभावावर फुटतं.

समाजशास्त्रात या प्रश्नावर जवळजवळ शंभर वर्षं विचार चालू आहे, आणि तिथे स्वभावाकडे बोट दाखवण्याआधी बरंच काही तपासलं जातं. त्यातली पहिली गोष्ट अशी की जन्मसाल हा पिढीचा फार कच्चा पुरावा आहे.

२०१५ साली अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने लोकांना सरळ विचारलं, तुम्ही स्वतःला कुठल्या पिढीचे समजता? तेव्हा १८ ते ३४ वयाचे जे होते, ज्यांना सगळं जग ‘मिलेनियल’ म्हणत होतं, त्यांच्यापैकी फक्त ४० टक्क्यांनी ते नाव स्वतःला लावून घेतलं. ३३ टक्के म्हणाले, आम्ही त्याआधीच्या ‘जेन एक्स’मधले. खुद्द जेन एक्सच्या वयाचे ५८ टक्के लोक आपल्या नावावर राजी होते. ‘बेबी बूमर’ सगळ्यांत ठाम, ७९ टक्के. आणि सगळ्यांत म्हाताऱ्या, ‘सायलेंट जनरेशन’ म्हणवल्या जाणाऱ्यांपैकी तर जेमतेम १८ टक्क्यांना ते नाव आपलं वाटलं. म्हणजे स्वतःच्या पिढीत न बसणारी माणसं ही अपवादाची बाब नाही. काही पिढ्यांत बसणारेच अल्पसंख्य निघाले.

एवढ्या लोकांना नाव पटत नसेल तर आधी नावांकडेच बघायला हवं.

‘बेबी बूम’ या नावामागे एक खरी, मोजता येणारी घटना आहे. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले आणि १९४६ पासून अमेरिकेत जन्मांची संख्या एकदम वाढली. १९६४ नंतर ती उतरली. चढही दिसतो, उतारही दिसतो. त्यानंतरची नावं मात्र कादंबरी, मासिकं, जाहिरात कंपन्या आणि सल्लागार यांच्याकडून आली. ‘मिलेनियल’ हे नाव विल्यम स्ट्रॉस आणि नील हाव या जोडीने रुळवलं. इतिहास साधारण वीस-वीस वर्षांच्या पिढ्यांच्या चक्रांत फिरतो, असा या दोघांचा सिद्धांत. तो वाचायला मोठा चटकदार आहे, पण इतिहासकार त्याला फारसे मानत नाहीत. प्यूच्या हिशेबात १९८१ ते १९९६ मध्ये जन्मलेले मिलेनियल आणि १९९७ पासून पुढचे ‘जेन झी’. म्हणजे ३१ डिसेंबर १९९६ च्या रात्री झालेलं बाळ एका पिढीचं, आणि त्याच प्रसूतिगृहात उजाडता झालेलं दुसऱ्या पिढीचं!

सीमेवरच्या लोकांची या विभागणीत इतकी कुचंबणा झाली की त्यांनी स्वतःसाठी मधली नावं काढली. बूमर आणि जेन एक्स यांच्या सांध्यावरच्यांसाठी ‘जनरेशन जोन्स’, जेन एक्स आणि मिलेनियल यांच्या सांध्यावर, साधारण १९७७ ते १९८३ मध्ये जन्मलेल्यांसाठी ‘झेनियल’. २०२१ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचे फिलिप कोहेन यांच्या पुढाकाराने अनेक समाजशास्त्रज्ञांनी प्यूला खुलं पत्र लिहिलं की ही लेबलं आता वापरू नका, त्यांना शास्त्रीय पाया नाही. २०२३ मध्ये प्यूनेही जाहीर केलं की यापुढे आम्ही पिढ्यांची भाषा जपून वापरू.

भारताच्या बाबतीत तर ही नावं उसनीच आहेत. आपल्याकडे युद्धावरून परतलेल्या सैनिकांमुळे लोकसंख्या वाढली नाही. साथी आटोक्यात आल्या, मुलं जगू लागली, म्हणून ती वाढली, आणि तो चढ १९६४ ला थांबला नाही. तरीही व्हॉट्सॲपवर कोणी आपल्या काकांना ‘बूमर’ म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की काका, तुम्हाला कळत नाही, गप्प बसा.

मग पिढी ठरते कशाने?

या प्रश्नाचं सगळ्यांत टिकाऊ उत्तर कार्ल मॅनहाइम या समाजशास्त्रज्ञाने दिलं. त्याचा जन्म १८९३ चा, बुडापेस्टमधला. हंगेरी सोडून तो जर्मनीत गेला, आणि १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून लंडनला. १९२८ साली त्याने पिढ्यांच्या प्रश्नावर एक दीर्घ निबंध लिहिला. भाषा क्लिष्ट आहे, जर्मन प्राध्यापकी थाटाची, पण आतला विचार साधा आहे आणि तो तीन पायऱ्यांनी जातो.

पहिली पायरी: एकाच काळात, एकाच समाजात जन्मलेल्यांना काही गोष्टी अनुभवण्याची सारखी शक्यता मिळते. इथे शब्द ‘शक्यता’ हा आहे. १८०० च्या सुमारास जर्मनीत जन्मलेला मुलगा आणि चीनमध्ये जन्मलेला मुलगा यांचं वय एक, पण पिढी एक नाही, असं त्याने लिहिलं. दुसरी पायरी: ती शक्यता प्रत्यक्षात यावी लागते. काळाच्या उलथापालथीत माणूस खरोखर ओढला जावा लागतो. जर्मन शहरांतले तरुण नव्या विचारांनी पेटलेले असताना दूरच्या खेड्यांत त्याच वयाचे शेतकरी होते. त्यांच्यापर्यंत ती धग पोचलीच नाही. ते त्या पिढीत मोडू शकले असते, पण मोडले नाहीत. तिसरी पायरी: एकाच उलथापालथीतून गेलेले लोकही तिला उलटसुलट उत्तरं देतात आणि त्यांचे गट पडतात. जर्मनीत एक गट परंपरेकडे वळला, दुसरा उदारमतवादाकडे. दोघे भांडले, पण भांडण एकाच विषयावर होतं, म्हणून पिढी एक.

या तीन पायऱ्या आपल्याकडे लावून बघायच्या तर १९७२ या एकाच सालाएवढं सोयीचं साल नाही.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात त्या वर्षी दुष्काळ होता. लोक खडी फोडत होते, नालाबांध आणि पाझर तलाव खणत होते. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. सुकडी (दुष्काळात वाटलेला पौष्टिक कोरडा खाऊ) आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) हे दोन शब्द ज्यांच्या तोंडात आजही त्या काळच्या चवीसकट आहेत, ती माणसं तेव्हा दहा ते पंचवीस वर्षांची होती. पुढे १९७७ मध्ये झालेल्या रोजगार हमी कायद्याची मुळं याच कामांत आहेत. १९७२ सालीच, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन सुरू झालं. चाळीत ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात चपलांचा ढीग, ही आठवण सांगणारेही तेव्हा त्याच वयाचे होते. आणि त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. वस्त्यांतली, वसतिगृहांतली विशी-पंचविशीतली पोरं तिच्यामागे गेली आणि मराठी कवितेपासून रस्त्यावरच्या राजकारणापर्यंत सगळ्याची भाषा बदलली.

समजा १९५५ साली तीन मुलं जन्मली. एक बीड जिल्ह्यात, एक दादरला, एक कामाठीपुऱ्यात. सतराव्या वर्षी एकाच्या हातात घण, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे काळ्यापांढऱ्या पडद्यावरच्या बातम्या, तिसऱ्याच्या खिशात मोर्चाचं पत्रक. जन्माचा दाखला सांगतो, तिघे एका पिढीचे. मॅनहाइम सांगेल, जरा थांबा.

आणि यात नात्यांची पिढी वेगळीच. मोठ्या कुटुंबांत आई आणि थोरली लेक एकाच वर्षी बाळंत होण्याची उदाहरणं फार जुनी नाहीत. अशा घरात मामा भाच्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान असतो. दोघे एका बाकावर बसतात, एकमेकांना अरेतुरे करतात, पण लग्नात मामाचा मान मात्र त्या लहानग्यालाच. वंशावळीत तो वरच्या ओळीत, शाळेच्या हजेरीपटात शेजारी. अशा घरांतून वाढलेल्यांना ‘पिढी म्हणजे वय’ हे समीकरण पहिल्यापासूनच पटलेलं नसतं. शेंडेफळांचंही तसंच. थोरली बहीण चौदा वर्षांनी मोठी असली की धाकट्याचं बालपण तिच्या वह्या, तिची गाणी, तिच्या मैत्रिणींच्या गप्पा यांवर पोसलेलं असतं. स्वतःच्या वर्गमित्रांत तो थोडा उपराच राहतो, कारण त्याच्या आठवणी एक दशक मागे सुरू होतात.

आता मूळ प्रश्न. आपल्या जन्मसालाच्या बाहेरच्या पिढीत माणूस खरोखर सामील होऊ शकतो का, की तो नुसता वेष?

मॅनहाइमचं उत्तर, होऊ शकतो. त्याच्या निबंधातला हा भाग कमी वाचला जातो, पण मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. तो म्हणतो की नव्या पिढीची म्हणून ओळखली जाणारी वृत्ती पुष्कळदा तिच्या आधीच्याच एखाद्या माणसात पहिल्यांदा दिसते, आणि तो माणूस आपल्या वयाच्या लोकांत एकटा पडलेला असतो. शिवाय एखादा गट पुरेसा जोरकस असेल तर तो वयाने मागच्या-पुढच्या माणसांनाही आपल्यात ओढून घेतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ चा. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, ते थेट १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत. लैंगिक आरोग्याबद्दल स्पष्ट लिहिलं म्हणून अश्लीलतेचे खटले झाले, नोकरी गेली. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. आंबेडकर. कर्व्यांच्या वयाच्या सुशिक्षितांनी त्यांना बहुतांशी वाळीतच टाकलं. सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आला १९५२ मध्ये, आणि ते जे बोलत होते ते मोकळेपणाने बोलू शकणारी माणसं त्यांच्यानंतर दोन-तीन पिढ्यांनी आली. स्वतःला ते ‘पुढच्या पिढीचा’ म्हणवत होते असं नाही. पण विचारांनी त्यांचे समवयस्क अजून जन्मायचे होते.

ताराबाई शिंद्यांचं उदाहरण याहून टोकाचं. बुलढाण्याच्या या बाईने १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध छापला. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली. बाकीच्यांनी इतकं झोडपलं की तिने पुन्हा काही छापलं नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक शोधून पुन्हा प्रसिद्ध केलं, नेमकं आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, आणि स्त्रीमुक्ती चळवळीतल्या मुलींनी ते आपल्याच एखाद्या मैत्रिणीने लिहिल्यासारखं वाचलं. त्या मुलींच्या बाजूनेही बघा. त्यांना आपल्या आयांच्या पिढीपेक्षा नव्वद वर्षांपूर्वीची बाई जवळची वाटली. आज मराठवाड्यातल्या एखाद्या वसतिगृहात बसून पँथरच्या काळातल्या कविता पाठ म्हणणारा, २००० नंतर जन्मलेला मुलगाही हेच करतो आहे. त्याला १९७२ ची हुरहूर नाही. त्या भांडणात तो आजही सामील आहे. गतकाळाच्या आवडीपेक्षा ही गोष्ट वेगळी आहे, आणि दोन्हींना ‘जुन्यात रमणं’ म्हणून एका पोत्यात कोंबू नये.

गाण्यांचं काय?

बहुतेकांची ‘चुकीच्या काळात जन्मलो’ ही तक्रार गाण्यांपासून सुरू होते, त्यामुळे याकडे जरा सावकाश बघू.

माणसाच्या आठवणी आयुष्यभर सारख्या दाट नसतात. चाळिशी उलटलेल्या कोणालाही जुन्या आठवणी सांगायला लावा, साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींची तिथे गर्दी दिसते. हा उंचवटा मानसशास्त्रात पुन्हापुन्हा सापडलेला आहे. हाउवर्ड शूमन आणि जॅकलिन स्कॉट यांनी अमेरिकेत लोकांना विचारलं होतं की गेल्या पन्नास वर्षांतली सर्वांत महत्त्वाची घटना कोणती. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं ते असं, की लोक बहुधा आपल्या किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला घडलेली घटना सांगतात. कोणी दुसरं महायुद्ध, कोणी व्हिएतनाम. मोठं काय घडलं यापेक्षा मी कोवळा असताना काय घडलं, हे वजनदार ठरतं.

आता यातलं गमतीचं. २०१३ मध्ये कॅरल क्रम्हान्सल आणि जस्टिन झुप्निक यांनी विशीच्या कॉलेजविद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ या काळातल्या दरवर्षीच्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले. ओळखता का, आवडतं का, काही आठवतं का, हे विचारलं. स्वतःच्या लहानपणची गाणी त्यांना जवळची वाटणार हे उघड होतं. पण आलेखात आणखी एक उंचवटा आला, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती. त्यांचे आईवडील मात्र तेव्हा विशीत होते. त्याहून मागे, १९६० च्या दशकात, आणखी एक छोटा उंचवटा. तो आजीआजोबांचा असेल, किंवा त्या दशकातली गाणीच तशी असतील, असे दोन्ही तर्क संशोधकांनी मांडले.

म्हणजे आईवडिलांचं तारुण्य मुलाच्या कानात उतरतं. गाडीत, स्वयंपाकघरात, रविवारी सकाळी झाडलोट चालू असताना. मूल ते ‘जुनं’ म्हणून ऐकत नाही; त्याच्या दृष्टीने ते घराचा आवाज असतं. आपल्याकडे ही साखळी आणखी लांब असावी असा माझा अंदाज आहे, आणि त्याचं कारण रेडिओ. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली आणि तिने आधीच्या दशकांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या वाजवत ठेवली. १९६५ साली जन्मलेला बाप स्वतःच १९५० च्या दशकातल्या गाण्यांवर वाढला. त्याने ती कॅसेटवर घेतली, मग सीडीवर, मग फोनमध्ये. त्याच्या मुलापर्यंत पोचलेलं गाणं दोनदा वारशाने आलेलं आहे. त्यात आजीआजोबा घरात असतील, मूल दुपारभर त्यांच्याच ताब्यात असेल, तर वारसा थेट. तेव्हा मित्रांनी ज्याचं नाव ‘आजोबा’ पाडलं, त्याला त्याच्या आजोबांनीच वाढवलं होतं का, हा पहिला प्रश्न विचारावा. उत्तर पुष्कळदा तिथेच मिळतं.

यात एक फसगतही आहे. जुन्या काळातलं आपल्यापर्यंत पोचतं ते चाळणीतून पोचतं. त्या दशकातली शेकडो सुमार गाणी विसरली गेली, उरली ती निवडक. आजच्या गाण्यांची चाळणी अजून व्हायची आहे, म्हणून आज कचरा जास्त दिसतो. ‘तेव्हा सगळंच कसदार होतं’ हे वाक्य या हिशेबात टिकत नाही.

गाण्यांवरून माणूस काळावर घसरतो, आणि तिथे मात्र मला हटकावंसं वाटतं. १९५० चं दशक साधं होतं, माणसं निवांत होती, नाती घट्ट होती, असं पंचविशीतलं कोणी म्हणतं तेव्हा १९५१ च्या जनगणनेचे आकडे समोर ठेवावेत. देशात साक्षर सुमारे १८ टक्के. बायकांत ९ टक्क्यांहूनही कमी. जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान साधारण ३२ वर्षं, मुख्यतः यासाठी की मुलं फार मरत. ज्या काळात आपण जन्मायला हवं होतं असं वाटतं, त्या काळात आपण नेमक्या कोणाच्या घरात जन्मलो असतो, हे त्या स्वप्नात कधीच नसतं. स्वप्नात प्रत्येक जण गिरगावातल्या हवेशीर खोलीत, हातात दिवाळी अंक घेऊन बसलेला असतो. विहिरीवर पाणी भरायला मज्जाव असलेल्या वस्तीत कोणी बसलेलं नसतं. म्हणूनच जुन्या काळाची ओढ कोणाला वाटते आणि कोणाला वाटत नाही, यातही जात, वर्ग आणि बाईपण दिसून येतं. दलित घरांत १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेची आठवण पिढ्यांतून येते, पण ‘किती छान होते ते दिवस’ या सुरात येत नाही.

मॅनहाइमने याबाबत एक मर्यादा घालून ठेवली आहे. दुसऱ्याकडून घेतलेली आठवण आणि स्वतः कमावलेली आठवण या दोन वेगळ्या गोष्टी, आणि खऱ्या अर्थाने माझी असते ती दुसरी, असं तो म्हणतो. आजीकडून बहात्तरचा दुष्काळ शंभर वेळा ऐकलेल्या नातवाला तो तपशिलासकट माहीत असतो. पण ताटात भात टाकताना आजीचा हात थांबतो, त्याला मात्र ‘टाकू नये’ हा नियम आठवतो.

काही गोष्टी पिढीच्या नसतातच

सगळ्यांत मोठा घोळ हा तीन गोष्टींची सरमिसळ झाल्याने होतो: वय, काळ आणि जन्मवर्षांचा गट. आजची पंचविशीतली मुलं भराभर नोकऱ्या बदलतात, हे उदाहरण घ्या. ती पंचविशीत आहेत म्हणून? पंचविशीत माणसं नेहमीच जास्त हलतात. की आजचा काळच तसा आहे म्हणून, आणि मग पन्नाशीतलेही पूर्वीपेक्षा जास्त बदलत असतील? की ही मुलं अमुक साली जन्मली म्हणून, आणि पुढे साठीतही ती अशीच राहतील? एका वेळच्या पाहणीतून हे सांगता येत नाही. वय म्हणजे आजच्या सालातून जन्मसाल वजा केलेलं. तीनपैकी कुठल्याही दोन गोष्टी धरल्या की तिसरी आपोआप ठरते, त्यामुळे गणितानेही हा गुंता नुसत्या आकड्यांवरून पुरता सुटत नाही. संख्याशास्त्रातली ही नावाजलेली डोकेदुखी आहे.

त्यामुळे चाळिशीत आलेल्या माणसाला अचानक ‘मी माझ्या बापाच्या पिढीचा वाटायला लागलोय’ असं जाणवलं तर त्यात पिढीचा संबंध कमी आणि गृहकर्जाचा जास्त असू शकतो.

उलट बाजूला, आपल्याला वाटणारं वय आणि खरं वय यांतही अंतर असतं. डेव्हिड रुबिन आणि डॉर्थे बर्न्ट्सेन यांनी डेन्मार्कमध्ये केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चाळिशीपुढचे लोक स्वतःला सरासरी २० टक्क्यांनी तरुण समजतात असं आढळलं. पन्नाशीचा माणूस आतून चाळिशीचा, सत्तरीचा छपन्नचा. भिशीत न रमणाऱ्या मावशीचं थोडं कोडं यातून सुटतं. पुरतं सुटत नाही, कारण ती रमते वीस वर्षांच्या मुलींत. तिथे बहुधा दुसरंच काही आहे. कॉलेज अर्धवट राहिलं, लग्न लवकर झालं, आणि त्या मुली जे बोलतात ते बोलायची तिची पाळी तेव्हा आलीच नाही. मॅनहाइमच्या भाषेत, तिच्या वाट्याची शक्यता तेव्हा प्रत्यक्षात आली नाही. आता, पन्नास वर्षं उशिरा, येते आहे.

उशिरा येण्याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण म्हणजे इंटरनेट. पुण्या-मुंबईच्या सुस्थितीतल्या घरांत ते २००० च्या आगेमागे आलं. राज्याच्या पुष्कळ भागांत ते खऱ्या अर्थाने पोचलं सप्टेंबर २०१६ नंतर, जिओने डेटा स्वस्त केल्यावर. म्हणजे गडचिरोलीतल्या एखाद्या घरात १९५५ चे आजोबा, १९८० चा बाप आणि २००३ ची मुलगी या तिघांच्या हातात पहिला स्मार्टफोन जवळपास एकदमच आला. ‘डिजिटल युगात जन्मलेली पिढी’ हे त्यांपैकी कोणालाच लागू नाही, आणि ‘एकत्र शिकलेली माणसं’ हे तिघांना लागू आहे. त्या घरात मुलगी बापाला शिकवते आणि बाप आजोबांना, हा भाग निराळा.

परदेशातल्या मराठी माणसांत हा प्रकार वेगळ्या तऱ्हेने दिसतो. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यानंतर शिकलेले मराठी तरुण तिकडे जाऊ लागले. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन होण्याइतकी त्यांची संख्या झाली. निघताना त्यांनी जो महाराष्ट्र सोबत नेला तो निघाल्या सालचा. इकडची भाषा, नाटकं, लग्नाच्या रीती पुढे सरकत राहिल्या. तिकडच्या दिवाणखान्यात त्या बऱ्याच प्रमाणात तशाच राहिल्या. न्यू जर्सीत वाढलेली मुलगी सुट्टीत पुण्याला येते आणि तिचं मराठी तिच्या मावसभावंडांना आपल्या आत्यासारखं वाटतं. शब्द जुने, इंग्रजीची भेसळ कमी, आणि थोडं अवघडलेलं. घराबाहेर ती अमेरिकेतल्या तिच्या वयाच्या मुलींसारखीच असते. घरात, मराठीत, ती एक पिढी मागची. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० मध्ये लिहिलं होतं की झपाट्याने बदलणाऱ्या जगात, दुसऱ्या महायुद्धाआधी वाढलेले सगळेच जण काळात स्थलांतर केल्यासारखे आहेत. घर न सोडताही परमुलखात आलेले. न्यू जर्सीच्या मुलीच्या आईवडिलांनी तर दोन्ही स्थलांतरं केली.

सध्या कंपन्यांमधून ‘जेन झीशी कसं वागावं’ अशी प्रशिक्षणं जोरात आहेत. पुण्यातल्या अशा एखाद्या सभागृहात २००० साली जन्मलेली दोन मुलं शेजारी बसलेली असतात. एकाने पाचवीत असताना घरच्या ब्रॉडबँडवर व्हिडिओ बघितलेले, आईवडील दोघे आयटीत. दुसरा परभणीचा, घराण्यातला पहिला पदवीधर, पहिला मोबाइल बारावीनंतर, आणि शेतीचे बाजारभाव त्याला वडिलांइतकेच पाठ. समोरच्या पडद्यावर लिहिलेलं असतं की या पिढीला स्थिरतेचं आकर्षण नसतं. दुसऱ्याने त्याच आठवड्यात एमपीएससीचा फॉर्म भरलेला असतो.